सातशे ग्रॅमची पिशवी

"बंदूक बायकोला घ्यायची ना? मग बायको कुठाय?"

गायकवाड काकांचा हा पहिला प्रश्न. शस्त्र परवान्याची चौकशी करायला आलेले कितीतरी नवरे या एका प्रश्नाला गार पडलेले मी पाहिलेत. बायको घरी असायची. तिला यातलं काय कळतंय, म्हणून घरी असायची. मग काका चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "चप्पल घ्यायची असली तर नेता ना तिला दुकानात? का तिच्या पायाचं माप तुमच्या पायावर घेता?"

भिवंडीत प्रांत कचेरीजवळच्या गल्लीत माझं अर्ज भरून द्यायचं दुकान आहे. एक कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन, चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि एक बाक. उत्पन्नाचे दाखले, वारस नोंदी, प्रतिज्ञापत्रं, असला सगळा सुका माल. त्यात बंदुकीचा अर्ज आला की माझा दिवस सणाचा. मला नको तिथं नाक खुपसायची सवय लहानपणापासून, आणि बंदूक मागायला आलेला माणूस तासाभरात आपलं सगळं घर उघडं करून दाखवतो. शेताची गोदामं झाली तसे हे अर्ज वाढत गेले. आधी गळ्यात सोनं आलं, मग त्या सोन्याची भीती आली, मग कमरेला काहीतरी असावंसं वाटायला लागलं. नवरा दिवसभर बाहेर, बायको मोठ्या बंगल्यात एकटी. मग एक तिच्याही पर्समध्ये असलेली बरी.

गायकवाड काका पोलीस खात्यात आर्मरर होते, म्हणजे शस्त्रागारात बंदुका दुरुस्त करणारे. निवृत्त झाल्यावर ते माझ्या दुकानातल्या बाकावर येऊन बसू लागले. कारण साधं होतं. त्यांच्या खोलीच्या खाली पॉवरलूम चालायचे आणि कमलमावशी, म्हणजे त्यांच्या पत्नी, दिवसभर रेडिओ मोठ्यानं लावायच्या. फायरिंग रेंजवर काकांचा डावा कान कामातून गेला होता. उजवा तरी राहू दे, म्हणून ते रोज सकाळी विहारात वंदना करून सरळ माझ्याकडे यायचे आणि उजवा कान माझ्याकडे करून बसायचे. सल्ल्याचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. चहा घ्यायचे, तोही बिनसाखरेचा. साखर मी चोरून घालते असा त्यांना कायम संशय, आणि तो खरा होता.

त्यांची एक गोष्ट माझ्या पहिल्याच आठवड्यात लक्षात आली. काका कुणाकडे बोट दाखवत नसत. तहसील कुठे, कुणी विचारलं तर ते अख्खा पंजा उघडून दाखवायचे. पेनाचं टोक खाली, कात्रीचं टोक खाली, छत्रीसुद्धा जमिनीकडे. दुसरी गोष्ट, रिकामी वस्तू ते बघितल्याशिवाय रिकामी मानत नसत. चहाचा ग्लास परत देताना आत बघणार. माझा डबा मी "संपला" म्हणून बंद केला, तरी उघडून बघणार. एकदा मी चिडून म्हटलं, "काका, मी खोटं बोलते का?"

"तू खोटं न्हाय बोलत," ते म्हणाले. "तुला वाटतं ते बोलतेस. रिकामी हाय असं वाटलेल्या बंदुकीनंच माणसं मरतात, पोरी."

त्यांच्या घरी बंदूक आहे का, हे कुतूहल मला गप्प बसू देईना. शेवटी कमलमावशींनाच विचारलं. मावशी हसून लोटपोट. "बंदूक? अगं, शिवणाची सुई दोऱ्याशिवाय ठेवलेली चालत न्हाय या माणसाला घरात. दोरा असला की सुई सापडते म्हणे."

बायकोसाठी बंदूक निवडायची काकांची पद्धत ठरलेली होती, आणि ती बघायला गल्लीतला झेरॉक्सवालासुद्धा आपलं मशीन सोडून यायचा. दुकानाच्या खिडकीच्या गजाला त्यांनी रद्दीवाल्याकडचा स्प्रिंगचा काटा अडकवला होता. बाईनं उजव्या हाताचं पहिलं बोट हुकमध्ये घालायचं आणि पाच किलोच्या खुणेपर्यंत ओढायचं. दुसऱ्या हाताची मदत नाही, खांद्यानं झुकायचं नाही. दहा वेळा. रिव्हॉल्व्हरचा चाप साधारण तेवढा जड असतो, हे मला त्यांच्यामुळे कळलं. मग हाताचं माप. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधल्या बेचक्यापासून बोटाच्या पेरापर्यंत सुतळी धरायची, तीही ते स्वतः नव्हे, मला धरायला लावायचे. परक्या बाईच्या हाताला हात लावायचा नाही, हा त्यांचा आणखी एक नेम.

एकदा एक लूममालक आले. दोन शिफ्टचे कामगार हाताखाली असलेला माणूस, पण बोलायला मऊ. म्हणाले, "चाचा, बेगम के लिए छोटीवाली बताओ. एकदम नाजूक, पर्स में आ जाए ऐसी."

"बेगम कुठायत?"

"गाडी में बैठी है."

बेगम आल्या. काट्याला बोट लावलं आणि बाराव्या वेळेला काकांनीच त्यांना थांबवलं. मग लूममालकांनी उगाच हौसेनं स्वतः बोट घातलं. सहाव्या वेळेला त्यांचं बोट थरथरू लागलं. बेगम बुरख्याआडून म्हणाल्या, "रोज पचास रोटी का आटा मैं गूंधती हूं, आप नहीं." दुकान हसलं, लूममालकही हसले. मग काकांनी त्यांना समजावलं की लहान आणि हलकी बंदूक जास्त उसळते. जड बंदूक धक्का स्वतः खाते, हलकी तो सगळा मनगटाला देते. "शेठ, छोटी बंदूक नवऱ्याच्या डोळ्याला सोपी, बायकोच्या मनगटाला अवघड," असं म्हणून त्यांनी तेच वाक्य हिंदीत दोनदा सांगितलं. पिस्तूल की रिव्हॉल्व्हर, यावरही त्यांचं ठाम मत होतं. पिस्तुलाची स्लाइड मागे ओढायची, सेफ्टीचा खटका लक्षात ठेवायचा. घाबरलेल्या माणसाला स्वतःचं नाव आठवत नाही, खटका कुठला आठवणार?

पण काटा आणि सुतळी ही नुसती सुरुवात. खरी परीक्षा पिशवीची.

कमलमावशींनी खाकी कापडाची एक पिशवी शिवून दिली होती, कमरेला बांधायच्या पट्ट्यासकट. तिच्यात वाण्याच्या तराजूतली दोन लोखंडी वजनं, एक अर्ध्या किलोचं, एक दोनशे ग्रॅमचं. भरलेलं रिव्हॉल्व्हर साधारण तेवढं भरतं. ही पिशवी बाईनं आठ दिवस जवळ बाळगायची. कमरेला बांधा, पर्समध्ये ठेवा, तुमची मर्जी. पण सगळं करायचं. भाकऱ्या थापायच्या, स्कूटर चालवायची, लग्नाला जायचं, पोराला कडेवर घ्यायचं. आणि पिशवीला घरातल्या कुणाचा हात लागला की वहीत एक रेघ ओढायची. आठ दिवसांनी पिशवी परत, मग अर्जाचं बोलू.

बहुतेक पिशव्या तिसऱ्या दिवशी परत यायच्या. साडीत राहत नाही, ड्रेसमधून दिसते, बसलं की रुतते. पर्समध्ये ठेवलेल्यांच्या वहीत रेघाच रेघा. कारण आपल्याकडे बाईची पर्स ही काही बाईची नसते. पोरं तीत चॉकलेट शोधतात, नवरा सुटे पैसे शोधतो, नणंद कंगवा शोधते. काका रेघा मोजायचे नाहीत. वही तिच्या नवऱ्याच्या हातात द्यायचे आणि चहा प्यायचे.

एक पिशवी मात्र आठव्या दिवशी हळदीकुंकू लावलेली परत आली. अंबाडी गावाकडचं मोठं घर. सुनेनं पिशवी आणली आणि सासूबाईंनी पहिल्याच संध्याकाळी ती ताब्यात घेतली. एवढी जोखमीची वस्तू अंगावर घेऊन फिरायची? सोन्याच्या कपाटात बंद. किल्ली सासूबाईंच्या कमरेला. मध्ये दसरा आला तेव्हा त्या वजनांची यथासांग पूजा झाली, झेंडूची माळ घातली आणि ती पुन्हा कपाटात गेली. सून हे सांगताना तोंडाला पदर लावून हसत होती. काकांनी हळद लागलेलं वजन हातात घेऊन बघितलं. "झालं की काम. तुमच्याकडं बंदूक आली तर कुठं राहणार ते कळलं. चोराला सांगायला लागेल, थांब जरा, सासूबाई किल्ली घेऊन येतायत."

पण काकांनी कुणालाही "घेऊ नका" असं सांगितलेलं मी ऐकलं नाही. ज्यांनी आठ दिवस नीट काढले, त्यांना ते मनापासून मदत करायचे. कुठल्या क्लबात शिकायचं, घरात कुलूप कसलं लावायचं, निवडणुकीत चौकीत जमा कधी करायची, सगळं. मला वाटायचं, पिशवीची ही कल्पना त्यांना नोकरीत सुचली असावी. एकदा दुकानात दोघंच असताना विचारलं.

ते म्हणाले, "एका दोस्ताच्या बायकोला मी स्वतः निवडून दिली होती. माप, वजन, चाप, सगळं जिथल्या तिथं. तिच्या हाताला बसायची अशी की माझं मलाच कौतुक. एका दुपारी ती घरात एकटी. मागल्या भिंतीवरून कुणीतरी आत उडी मारली. तिनं चालवली. एकच गोळी, बरोबर लागली. तो तिचा दीर होता. किल्ली विसरलेला." दीर वाचला, खांदा गेला. ते घर पुन्हा एकत्र जेवायला बसलं नाही. "माझी निवड बरोबर होती," काका म्हणाले. "तेच वाईट झालं. बंदूक हातात बसते का ते बघितलं मी. घरात बसते का ते बघितलंच न्हाय."

मी आयुष्यात पहिल्यांदा पुढचा प्रश्न विचारला नाही.

हरेश म्हात्रे आणि सुनंदा आले ते दिवाळीच्या आधी. अंजूरचे. हरेशचे दोन टेम्पो, गळ्यात जाड साखळी, आणि त्या दिवशी चेहऱ्यावरचा रंग उडालेला. काकांनी नेहमीचा प्रश्न विचारायच्या आधीच तो म्हणाला, "आनलीय. बायकोला बरोबर आनलीय."

सुनंदा शाळेत शिकवायची. खारबावजवळ तिचं माहेर, तिथं वडिलांची जमीन. वडील वारले आणि त्याच वर्षी जमिनीवर गोदाम बांधायला पार्टी आली. धाकट्या भावाला, दिनेशला, हक्कसोडपत्रावर तिची सही हवी होती. ती देईना. मग एका दुपारी शाळेतून येताना दोन मोटरसायकली तिच्या स्कूटरला आडव्या आल्या. तोंडं रुमालानं बांधलेली. "सही कर, रस्ता एकला हाय," एवढं बोलून निघून गेले.

"कोण होते?" काकांनी विचारलं.

सुनंदानं हरेशकडे बघितलं. "तोंडं न्हाय दिसली. पन एक गाडी वलखली मी. नवी आनली तवा मीच तिला कुंकू लावलेलं." हे सांगताना तिचा आवाज कापला नाही.

काट्यावर तिचं बोट व्यवस्थित चाललं. हात लहान पण पकड घट्ट. काकांनी आधी तक्रार द्यायला लावली, स्वतः बरोबर गेले, चौकीत दोन तास बसले. तिनं तक्रारीत "अनोळखी इसम" असंच लिहिलं. मग दुकानात मी अर्ज उघडला, आणि शस्त्र कशासाठी हवं या रकान्याशी येऊन थांबलो आम्ही. काका हा रकाना दुसऱ्याला भरू देत नसत. ज्याचं शस्त्र त्यानं आपल्या तोंडानं सांगायचं. "कुणापासून जिवाला धोका हाय, ते सांगा ताई. ही लिहील."

सुनंदा कॉम्प्युटरकडे बघत राहिली. "आई गेली तवा तो पाच वर्सांचा होता," ती म्हणाली. "माझ्या हातचं जेवलाय तो."

"लिही गं, लिही," हरेश मला म्हणाला. "भाऊ लिही. दिनेश लिही. उद्या हिला काय झालं तं मी काय करू?" त्याचे डोळे भरले होते. तो मोठेपणासाठी बंदूक घेणाऱ्यातला नव्हता. त्याला बायको जिवंत हवी होती.

रकाना रिकामाच राहिला. काकांनी पिशवी पुढे केली. "आठ दिवस बांधा. मग ठरवू."

त्या आठ दिवसांत भाऊबीज आली.

नवव्या दिवशी सुनंदा एकटीच आली. भाऊबीज तिनं चुकवली नव्हती. जमीन जमिनीच्या जागी, ताट ताटाच्या जागी. पिशवी कमरेला बांधूनच गेली होती, कारण काकांनी सगळं करायचं म्हणून सांगितलं होतं. "ओवाळाया वाकले नी वजन पोटात रुतलं. पदर सरकला. त्यानं बघितलं, काका. माझ्या कमरेकडं बघितलं, मंग माझ्याकडं. ताट हालाया लागलं. माझ्या हातातलं का त्याच्या समोरचं, तेच कळना."

"तुम्ही सांगितलं न्हाय, काय हाय ते?"

"त्यानं इचारलं न्हाय."

ती पिशवी परत द्यायला आली नव्हती. अर्ज थांबवा, असं सांगायला आली होती. बंदूक नको. पण पिशवी अजून थोडे दिवस राहू द्या. काकांनी हात पुढे केला तो तसाच राहिला. बाईच्या कमरेची वस्तू ओढून थोडीच घेता येते?

मग बातमी पसरली. खारबावपासून अंजूरपर्यंत सगळ्यांना ठाऊक, म्हात्र्यांच्या सुनंदाच्या कमरेला "ते" आहे. धमक्या थांबल्या, आडवी येणारी गाडी दिसेनाशी झाली. हरेश पेढे घेऊन आला. काकांनी पेढा घेतला नाही. "हरेश, दाखवलेलं शस्त्र समोरच्यालाही शस्त्र आनायला लावतं," ते म्हणाले.

"आमी कुठं दाखवलं? त्यांनीच बघितलं. नी खरी पायजे झाली तं परवान्याबिगर पन मिलते." हरेश हे बोलून गेला आणि मग त्याला वाटलं, बोलायला नको होतं.

त्या दिवसापासून काकांचं लक्ष उडालं. चहात साखर घातलेली त्यांना कळेना. दोनदा रिक्षा करून ते अंजूरला जाऊन आले. सुनंदानं पाणी दिलं, चहा दिला, पिशवी दिली नाही. मी विचारलं, "काका, पिशवीत अजून वजनंच आहेत ना?"

माझ्या चहाचा रिकामा ग्लास त्यांच्या हातात होता. "बघितलं न्हाय मी," ते म्हणाले. सबंध आयुष्यात न बघता सोडलेली त्यांची ती पिशवी ही एकच वस्तू असावी. पुढच्या आठवड्यात चौकीतल्या जुन्या ओळखीच्या माणसानं त्यांना सांगितलं की दिनेश कुठेतरी कट्टा, म्हणजे गावठी पिस्तूल, मिळतो का विचारत फिरतोय. काका बाकावरून उठले आणि उभेच राहिले.

जमिनीची सरकारी मोजणी जानेवारीत ठरली. मोजणीच्या त्या दिवसानंतर काका मला दिसले नाहीत. आठवड्याभरात मावशी त्यांना लेकीकडे घेऊन गेल्या आणि तिथंच ते झोपेत गेले. म्हणून तो दिवस मी स्वतःलाच पुन्हा पुन्हा सांगत असते.

सकाळी दहाला ते इस्त्रीचा शर्ट घालून, पट्टा बांधून दुकानात आले. "स्कूटर काढ."

खारबावच्या मागं गवत वाळून पिवळं पडलं होतं आणि खाडीकडून वारा सुटला होता. मोजणीवाल्यानं तिपाईवर यंत्र लावलं होतं आणि जुना नकाशा हरेशच्या टेम्पोच्या बॉनेटवर पसरला होता. एका बाजूला सुनंदा आणि हरेश, दुसऱ्या बाजूला दिनेश आणि दोन चुलतभाऊ. मध्ये कुणी नव्हतं. काका बोलावलं नसताना जाऊन मध्ये उभे राहिले, आणि मी मेली कुतूहलानं त्यांच्या मागं.

"दिनेशच्या कमरेला हाय," ते ओठ न हलवता म्हणाले. "उजवीकडं. चालताना त्याचा उजवा हात हालत न्हाय, बघ."

मी बघितलं. डावा हात पुढेमागे जात होता, उजवा अंगाला चिकटलेला. शर्ट बाहेर सोडलेला.

मोजणीवाला बोलत होता, हद्द इथून जाते, दगड तिथं हवा. वाऱ्यानं नकाशा उडाला. त्यानं तळव्यानं दाबला, दुसरं टोक उडालं. "कुणीतरी धरा हो," तो वैतागून म्हणाला. तेव्हा दिनेश एक पाऊल पुढे आला, नकाशासाठी की कशासाठी, ते कुणालाच कळलं नाही. आणि त्याच क्षणी सुनंदाचा हात पदराखाली कमरेकडे गेला.

हरेश "सुनंदा" एवढंच म्हणाला. दिनेशचा उजवा हात शर्टाच्या कडेशी पोचला होता.

सुनंदानं पिशवीतून अर्ध्या किलोचं लोखंडी वजन काढलं आणि नकाशाच्या उडणाऱ्या कोपऱ्यावर ठेवलं. त्यावर अजून कुठेकुठे हळद होती. मग दोनशे ग्रॅमचं काढून शेजारी ठेवलं. पिशवी उलटी करून झटकली. "बघ," ती भावाला म्हणाली. "एवढंच हाय माझ्याकडं. हिसाही सोडनार न्हाय नी तुलाही न्हाय."

दिनेश त्या वजनांकडे बघत राहिला, वाण्याच्या दुकानात काहीतरी विसरलेल्या माणसासारखा. मग तो वळला, मोटरसायकलपाशी गेला, आमच्याकडे पाठ करून थोडा वेळ वाकला, बाजूच्या पेटीचं झाकण बंद केल्याचा आवाज आला. आणि परत आला. खिशातून मोबाईल काढून त्यानं नकाशाच्या दुसऱ्या कोपऱ्यावर ठेवला. समेट वगैरे काही झाला नाही. जमिनीचा दावा अजून चालू आहे. पण मोबाईल ठेवायला तो चालत आला तेव्हा मी मुद्दाम बघितलं. त्याचे दोन्ही हात हलत होते.

"काका, हात हलतोय त्याचा," मी कुजबुजले.

मी वळून बघितलं, तर त्यांचा स्वतःचा उजवा हात कमरेच्या पट्ट्यावर होता, ज्या जागी निवृत्तीनंतर कधीच काही नव्हतं त्या जागी. त्यांनी खाली बघितलं, आपला हात तिथं बघून त्यांनाच नवल वाटलं आणि तो त्यांनी हळूच खाली आणला. मग त्या सगळ्यांकडे एकदा अख्खा पंजा उघडून दाखवला, निघतो म्हणून, आणि माझ्या स्कूटरकडे चालू लागले.

"काका, तुमची वजनं राहिली तिथं," मी म्हटलं.

"राहू दे," ते म्हणाले. "वारा हाय अजून."